लॅन्सिंगचं आर. ई. ओल्ड्स म्युझियम : बाबांना घेऊन गेले आणि तीन तास तिथून पाय निघेना

मिशिगनमधल्या मराठी मंडळींसाठी लिहितेय, आणि ज्यांचे आईबाबा उन्हाळ्यात इथं सहा महिने राहायला येतात त्यांच्यासाठी तर खास. कारण दर वर्षी तेच होतं ना, नायगारा झाला, शिकागो झालं, मंडळाची पिकनिक झाली, मग पुढं काय? आई मंदिरात आणि भाज्या लावण्यात रमते, पण बाबा मात्र खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत बसतात. माझे बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपात ३४ वर्षं होते, चॅसिसवर बस उभी करायचं काम, त्यांना इथल्या मॉलमध्ये फिरवून काय उपयोग.

तर झालं असं की एका टूरवाल्याकडं आम्ही गाड्यांची जुनी ठिकाणं दाखवणारी एक दिवसाची बस ट्रिप बुक केली होती, पैसे महिनाभर आधी भरले होते, आणि ट्रिपच्या दिवशी सकाळी साडेसहाला मेसेज आला की पुरेशी माणसं नाहीत, कॅन्सल. बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर तयार बसलेले. त्यांचा चेहरा बघून मला इतकं वाईट वाटलं की मी म्हणलं चला, आपण आपली गाडी काढू. आमच्या नोव्हायहून लॅन्सिंग तासाभराचा रस्ता. ऑफिसातल्या एका सिनियरनी पूर्वी कधीतरी या म्युझियमचं नाव सांगितलं होतं ते डोक्यात होतं. लेकाला पण घेतलं, वय वर्षं नऊ.

आय-९६ वरून लॅन्सिंगमध्ये शिरायला आय-४९६ लागतो. त्या हायवेला आर. ई. ओल्ड्स फ्रीवे म्हणतात. म्हणजे ज्याचं म्युझियम बघायला चाललोय त्याच्याच नावाच्या रस्त्यावरून आपण जातो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि या रस्त्यावरून मी कामासाठी निदान पन्नास वेळा तरी गेले असेन. पण खरी गोष्ट म्युझियममध्ये कळली. याच फ्रीवेसाठी साठच्या दशकात ओल्ड्सचं स्वतःचं घर पाडलं. साउथ वॉशिंग्टन ॲव्हेन्यूवरचा मोठा वाडाच होता तो, गॅरेजमध्ये गोल फिरणारी जमीन होती म्हणे, गाडी आत घातली की तिला फिरवून तोंड बाहेर करायचं, म्हणजे रिव्हर्स घ्यायची गरजच नाही. ते घर गेलं आणि वरून गेलेल्या रस्त्याला नाव दिलं त्याचंच. आणि एकट्या श्रीमंताचं घर नाही गेलं, त्या पट्ट्यातली कृष्णवर्णीय लोकांची अख्खी वस्ती उठली, शेकडो कुटुंबं, त्यांच्या नावाचा रस्ता काही झाला नाही. हे लिहायला हवं म्हणून लिहिलं.

आता माणूस कोण ते सांगते, कारण मला स्वतःला ओल्ड्समोबील ही बंद पडलेली गाडी एवढंच माहीत होतं. रॅन्सम एलाय ओल्ड्स, जन्म १८६४, ओहायोतलं जिनिव्हा नावाचं छोटं गाव. वडील लोहारकाम करणारे. १८८० ला कुटुंब लॅन्सिंगला आलं आणि वडिलांनी नदीकाठी मशीन शॉप टाकलं, पुढं त्याचं नाव पी. एफ. ओल्ड्स अँड सन झालं. म्हणजे मुळात हा आपल्याकडच्या एखाद्या वर्कशॉपवाल्याच्या पोरासारखा, वडिलांच्या हाताखाली शिकलेला. त्यानं आधी वाफेवरच्या गाड्या केल्या, मग १८९६ ला पेट्रोलवरची चालवून दाखवली, १८९७ च्या ऑगस्टमध्ये कंपनी काढली.

म्युझियम म्हणाल तर भव्य वगैरे नाही. डाउनटाउनला ग्रँड नदीच्या काठी, म्युझियम ड्राइव्ह नावाच्या रस्त्यावर, १९८१ पासून आहे. डिअरबॉर्नचं मोठं हेन्री फोर्ड म्युझियम डोक्यात ठेवून जाऊ नका, ते दिवसभरातही संपत नाही. हे एका माणसाचं आणि एका गावाचं म्युझियम आहे, आणि मला तेच आवडलं. गाड्या जवळजवळ उभ्या आहेत, वाकून बघता येतं, मोठी गर्दी नाही, मागून कोणी ढकलत नाही. बाबांसारख्या माणसाला एका गाडीपुढं वीस मिनिटं उभं राहायचं असतं, तिथं तसं राहता येतं.

आणि बाबा उभे राहिलेच. ती कर्व्ह्ड डॅश ओल्ड्समोबील. तुम्ही फोटोत बघितली असेल, घोडागाडीचा घोडा काढून घेतल्यासारखी दिसते, पुढची फळी बर्फावरच्या घसरगाडीसारखी वर वळलेली. डॅश म्हणजे मुळात घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून पुढं लावलेली फळी, त्यावरून आपला आजचा डॅशबोर्ड. हे मी कितीतरी वर्षं ऑटो इंडस्ट्रीत काम करून सुद्धा ऐकलं नव्हतं, रोज मीटिंगमध्ये हा शब्द पन्नासदा बोलते.

स्टिअरिंग व्हील नाहीच, त्याजागी एक वाकडा दांडा. लेक म्हणाला, "आजोबा, ही गाडी वळवायची कशी?" बाबा म्हणाले, "होडीला सुकाणू असतं ना बाळा, तसं." मग ते गुडघ्यावर बसले (त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, एरवी जमिनीवर बसत नाहीत) आणि खालून बघायला लागले. सीटच्या खाली आडवं ठेवलेलं एकच सिलिंडर, तिथून चेन मागच्या ॲक्सलला, दोन गिअर पुढचे एक रिव्हर्स. आणि पाटे, म्हणजे पट्टीच्या स्प्रिंगा! बाबांनी मला हाताला धरून खाली बसवलं. म्हणाले बघ, पाटा पुढच्या ॲक्सलपासून मागच्या ॲक्सलपर्यंत एकसलग गेलाय, दोन्ही बाजूंनी. तोच पाटा आणि तीच फ्रेमची बाजू, एकाच मालात दोन कामं. खड्ड्यात गेली तर अख्खी गाडी झुल्यासारखी झुलणार, पण मोडणार नाही. "हे करणारा माणूस लोखंड हातात घेतलेला आहे, नुसता कागदावरचा नाही," असं म्हणाले आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक मी माझ्या दहावीच्या निकालाला ऐकलं होतं, त्यानंतर आत्ता.

या गाडीची किंमत ६५० डॉलर होती. १९०१ ला ४२५ गाड्या बनल्या, १९०२ ला २,५००, १९०३ ला ४,०००, १९०४ ला ५,५००च्या वर. आज हे आकडे काहीच वाटत नाहीत, पण तेव्हा दुसरे लोक गाडी एकेक करून सुतारकामासारखी बनवत होते. ओल्ड्सनी काम ओळीनं लावलं, एका जागेवरून पुढच्या जागेवर, पार्ट एकसारखे. आपण सगळे असेंब्ली लाइन म्हणलं की फोर्ड म्हणतो, आणि फोर्डनी सरकता पट्टा आणला हे खरंच आहे, पण तो १९१३ ला. त्याच्या आधी बारा वर्षं ओळ लावून गाड्या काढणारा हा माणूस होता. आणि पार्ट बाहेरून करून घ्यायचा, त्यामुळं जे जे त्याला माल पुरवत होते किंवा त्याच्याकडं कामाला होते त्यांची नावं वाचली तर अंगावर काटा येतो : गिअरबॉक्स डॉज बंधूंकडून, इंजिनं हेन्री लेलँडकडून, तोच ज्यानं पुढं कॅडिलॅक काढली. रॉय चेपिन नावाचा पोरगा त्याच्याकडं कामाला, त्यानं १९०१ च्या शेवटी ही एवढीशी गाडी डेट्रॉइटहून न्यूयॉर्कच्या ऑटो शोला चालवत नेली, साडेसात दिवस, आठशे मैलांच्या वर, रस्ते इतके वाईट की मध्ये एरी कालव्याच्या काठानं खेचरं चालायच्या वाटेवरून गेला. तो पुढं हडसन कंपनीचा मालक मंडळीतला झाला. मॅक्सवेल पण इथलाच, ज्याच्या कंपनीतून नंतर क्रायस्लर उभी राहिली. म्हणजे आज आम्ही सगळे इथं ज्या इंडस्ट्रीच्या जिवावर घरं घेऊन राहतोय तिची अर्धी बाराखडी या एका वर्कशॉपात गिरवली गेली.

१९०१ च्या मार्चमध्ये ओल्ड्सचा डेट्रॉइटचा कारखाना जळाला. असं सांगतात की त्या आगीतून या कर्व्ह्ड डॅशचीच एक गाडी बाहेर ढकलून काढता आली, आणि म्हणून मग तीच बनवायची ठरली, बाकीची मॉडेलं जळून गेली. गोष्ट छान आहे, पण काही अभ्यासक म्हणतात की ही गाडी पुढं आणायचं आधीच ठरलं होतं. मला दुसरं जास्त पटतं. ज्या माणसानं पाट्याचा एवढा विचार केला तो आगीच्या भरवशावर मॉडेल ठरवणार नाही.

आता नावाची गोष्ट, ज्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसले.

१९०४ ला कंपनीत पैसे घातलेल्या स्मिथ घराण्याशी ओल्ड्सचं वाजलं. मुलगा फ्रेडरिक स्मिथला मोठ्या महागड्या गाड्या काढायच्या होत्या, ओल्ड्सला छोटी स्वस्त गाडीच चालवायची होती. तो बाहेर पडला. आणि बाहेर पडताना त्याचं नाव आतच राहिलं. ओल्ड्स मोटर वर्क्स ही कंपनी त्याच्या नावाची, पण तो तिच्यात नाही. त्यानं लगेच त्याच वर्षी नवी कंपनी काढली, नाव ठेवलं आर. ई. ओल्ड्स कंपनी, तर जुन्या कंपनीनं हरकत घेतली की हे नाव आमचं आहे. स्वतःच्या बापाचं आडनाव, आणि ते लावता येईना. मग त्यानं आडनाव सोडून दिलं आणि तिन्ही नावांची आद्याक्षरं जोडली, आर, ई, ओ. रिओ मोटर कार कंपनी.

ही पाटी वाचताना मला आमच्या कराडच्या काकांची आठवण आली. बाबांच्या थोरल्या भावाचं भागीदारीत गॅरेज होतं, पाटीवर काकांचं नाव, भागीदारी फुटली तेव्हा जागा समोरच्याची म्हणून पाटीही त्याच्याकडंच राहिली. काका त्याच रस्त्यावर पुढं दोनशे पावलांवर नवीन दुकान टाकून बसले आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं जुन्या पाटीखाली जाऊन काकांना विचारायचं. मी बाबांकडं बघितलं तर ते पण तीच पाटी वाचत होते. त्यांना इंग्रजी सावकाश वाचावं लागतं. वाचून झालं आणि म्हणाले, "दादासारखं झालं गं याचं."

तर इथून पुढं एका माणसाच्या दोन नावांचे दोन संसार सुरू होतात, आणि म्युझियममध्ये ते समोरासमोर उभे आहेत, एका बाजूला ओल्ड्समोबील, एका बाजूला रिओ, आणि मी तर अक्षरशः इकडून तिकडं तिकडून इकडं करत होते.

ओल्ड्समोबील १९०८ ला जनरल मोटर्सनं घेतली. त्याच्याशिवाय ती जवळजवळ शंभर वर्षं चालली, आणि नुसती चालली नाही, मोठी कामं केली. १९४० च्या मॉडेलला हायड्रामॅटिक, म्हणजे क्लच नसलेला पूर्ण ऑटोमॅटिक गिअर, एवढ्या मोठ्या संख्येनं बनलेला जगातला पहिला. १९४९ ला रॉकेट व्ही-८ इंजिन. १९६६ ची टोरोनॅडो, पुढच्या चाकांना ताकद देणारी, अमेरिकेत १९३७ च्या कॉर्ड नावाच्या गाडीनंतर तशी गाडी झालीच नव्हती. कटलस सत्तरच्या दशकात देशातली सगळ्यात जास्त खपणारी गाडी. एकूण साडेतीन कोटींच्या वर गाड्या. आणि १९०५ साली तर या गाडीवर गाणं आलं होतं, जोडीनं गाडीतून फिरायला जायचं गाणं, अख्ख्या अमेरिकेनं म्हणलेलं. एवढं सगळं त्या नावानं केलं आणि तो माणूस त्याच गावात दुसऱ्या कारखान्यात बसून बघत होता. तो १९५० पर्यंत जगला, ८६ वर्षं.

मग १९८८ ला ओल्ड्समोबीलची जाहिरात आली, ही तुमच्या वडिलांची ओल्ड्समोबील नाही. इथं ती लाईन आता म्हणच झालीये, ऑफिसात कुठलीही जुनी गोष्ट नव्यानं आणली की लोक म्हणतात नॉट युवर फादर्स अमुकतमुक, मी स्वतः प्रेझेंटेशनमध्ये वापरलीये, मूळ कुठलं ते न कळता. तरुण गिऱ्हाईक यावं म्हणून केलेली जाहिरात, आणि ज्यांचे वडील ती गाडी चालवत होते ते मात्र दुखावले असं आमच्या ऑफिसातले जुने लोक अजून सांगतात. मला बाबांच्या शेजारी उभं राहून ते वाक्य वाचवेना. वडिलांची असणं यात वाईट काय आहे?

२००० च्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सनी ओल्ड्समोबील बंद करतोय म्हणून सांगितलं, आणि २९ एप्रिल २००४ ला लॅन्सिंगमध्येच शेवटची गाडी निघाली, अलेरो नावाचं मॉडेल. कामगारांनी तिच्यावर सह्या केल्या. १०७ वर्षं झाली होती, बंद झाली तेव्हा ती अमेरिकेतली सगळ्यात जुनी गाडीची कंपनी होती.

इथं आम्हाला एक आजोबा भेटले, म्युझियमचे स्वयंसेवक, आयुष्य ओल्ड्समोबीलच्या प्लँटमध्ये गेलेलं. त्यांना कळलं की बाबांनी बस बांधायचं काम केलंय, आणि मग काय, दोघांची अशी काही गट्टी जमली की मी दुभाषी म्हणून मध्ये उभी होते ती दहा मिनिटांनी नकोशी झाले. हातवारे, पार्टची नावं (ती तर सारखीच, ॲक्सल, गॅस्केट, रिव्हेट), बाबा बोटांनी पत्र्याची जाडी दाखवतायत, ते मान डोलावतायत. त्यांनीच बाबांना रिओच्या बाजूला नेलं.

रिओमध्ये मला सगळ्यात भारी वाटला तो स्पीड वॅगन. १९१५ ला आलेला हलका, पळणारा ट्रक, आजच्या पिकअपचा आजोबाच म्हणा. मोकळं चॅसिस घ्यायचं आणि वर पाहिजे ती बॉडी चढवायची, आगीचा बंब, ॲम्ब्युलन्स, डिलिव्हरीची गाडी. बाबांचे डोळे चमकले, कारण त्यांचं सगळं आयुष्य हेच, कंपनीकडून उघडं चॅसिस यायचं आणि दापोडीत त्याची लाल एसटी व्हायची. म्हणाले, चॅसिस बनवणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं, वरची बॉडी कोणी बांधली ते कोणी विचारत नाही. मी ते त्या आजोबांना इंग्रजीत सांगितलं, तर त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

रिओनं कार बनवायच्या १९३६ ला बंद केल्या, मंदीनं कंबर मोडली होती, पण ट्रक चालू राहिले. अमेरिकन आर्मीचा तो प्रसिद्ध अडीच टनी ट्रक रिओचाच, व्हिएतनामच्या सगळ्या फोटोंत दिसतो तो. आणि लॉनमूव्हर! हो, गवत कापायचं मशीन. मोटर लावलेल्या लॉनमूव्हरचं पेटंट पण ओल्ड्सच्या नावावर होतं आणि पुढं रिओनं ते विकले पण. शेजारीपाजारी शनिवारी सकाळी सातला जे घरघर सुरू करतात त्यात या माणसाचा हात आहे. माझ्या नवऱ्याला फोटो पाठवला. १९५७ ला व्हाइट कंपनीनं रिओ घेतली, मग डायमंड टी नावाच्या ट्रक कंपनीशी जोडून डायमंड रिओ केली, आणि १९७५ ला लॅन्सिंगचा कारखाना बंद पडला. कारखाना जिथं होता त्या भागाला आज रिओ टाऊन म्हणतात.

आणि दुसरं नाव जे जगभर पोचलं ते गाड्यांमुळं नाहीच. १९६७ ला इलिनॉयमध्ये शँपेनच्या युनिव्हर्सिटीतल्या एका पोरानं ट्रान्सपोर्टेशनच्या इतिहासाच्या तासाला फळ्यावर रिओ स्पीड वॅगन असं लिहिलेलं बघितलं आणि आपल्या बँडला तेच नाव दिलं. ऐंशीच्या दशकात तो बँड केवढा मोठा झाला ते ज्यांनी तेव्हा इंग्रजी गाणी ऐकली त्यांना माहीत असेल. गंमत अशी की बँडवाले आर-ई-ओ अशी अक्षरं सुटी म्हणतात, आणि लॅन्सिंगचे लोक रिओ म्हणतात, आणि त्या आजोबांनी मला दोनदा दुरुस्त केलं, रिओ म्हणायचं, आमचं रिओ आहे. इतक्या मायेनं सांगितलं. म्हणजे नाव गेलं म्हणून आद्याक्षरं घेतली, आणि आद्याक्षरं पण दुसऱ्यांची झाली, निदान उच्चार तरी आमचा राहू दे असं काहीसं.

बाहेर आल्यावर आम्ही गावात चक्कर मारली, तुम्ही पण मारा, अर्धा तास लागतो आणि त्याशिवाय म्युझियम पुरं होत नाही. कॅपिटॉलसमोर, म्हणजे राज्याच्या विधानभवनासमोर, १९२६ चं हॉटेल ओल्ड्स, त्याचं आता रॉमनी बिल्डिंग झालंय, गव्हर्नरचं ऑफिस तिथं. गावातली सगळ्यात उंच इमारत, १९३१ ला ओल्ड्स टॉवर म्हणून उभी राहिली, नावं बदलत बदलत आता बोजी टॉवर. बेसबॉलचं स्टेडियम १९९६ ला ओल्ड्समोबील पार्क म्हणून उघडलं, २०१० पासून दुसऱ्या स्पॉन्सरांची नावं, टीमचं नाव मात्र लगनट्स, म्हणजे चाकाचे नट, आणि तिथं चिमणीवर भला मोठा नट बसवलाय, लेकाला अख्ख्या दिवसात सगळ्यात जास्त तेच आवडलं. ईस्ट लॅन्सिंगला मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत मात्र ओल्ड्स हॉल अजून ओल्ड्स हॉलच आहे. १९१६ ला तिथली इंजिनिअरिंगची इमारत जळाली तेव्हा त्यानं एक लाख डॉलर दिले म्हणून ती परत बांधता आली. फ्लोरिडात टॅम्पाच्या उपसागरावर तर त्यानं त्याच वर्षी ३७ हजार एकरांवर जमीन घेऊन गावच वसवायला काढलं, ओल्डस्मार. मनासारखं झालं नाही, पैसे गेले, मध्ये दहा वर्षं गावानं नाव बदलून टॅम्पाशोअर्स केलं, मग १९३७ ला परत ओल्डस्मार घेतलं. तिकडं कोणी राहत असेल तर सांगा.

थोडं कामाचं. वेळा आणि तिकीट निघायच्या आधी त्यांच्या वेबसाइटवर बघा. सगळं खालीच आहे, जिने चढायला लागत नाहीत, बाबांच्या गुडघ्यांना चाललं. लहान मुलं बरोबर असतील तर शेजारीच इम्प्रेशन ५ नावाचं मुलांचं सायन्स सेंटर आहे, एक पालक तिकडं आणि एक इकडं अशी वाटणी करा, कारण सगळ्यात लहान मुलांना नुसत्या उभ्या गाड्यांचा कंटाळा येऊ शकतो. डबा घेऊन जा, नदीकाठी बसून खाता येतं, आम्ही थालीपीठ आणि लोणचं खाल्लं. आणि घाई करू नका, जे कोणी स्वयंसेवक दिसतील त्यांच्याशी बोला, निम्मं म्युझियम त्यांच्या बोलण्यात आहे. माझ्याकडून पाचपैकी पाच.

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी ठेवली कारण ती आम्हाला पण शेवटीच कळली. निघताना त्या आजोबांनी विचारलं भारतात कुठले, बाबा म्हणाले पुणे, मुंबईच्या जवळ. ते थांबलेच. म्हणाले बॉम्बे? आणि मग सांगितलं. ओल्ड्सची वाफेवरची गाडी, बॉयलरखाली गॅसोलिनचा जाळ असलेली, तिच्याबद्दल १८९२ ला सायंटिफिक अमेरिकन मासिकात छापून आलं. त्यात त्यानं म्हणलं होतं की ही गाडी लाथा मारत नाही, चावत नाही, लांबच्या पल्ल्याला थकत नाही, तबेल्यात निगा लागत नाही आणि रस्त्यावर चालत असेल तेव्हाच खाते. ते वाचून लंडनच्या फ्रान्सिस टाइम्स अँड कंपनी या औषधं विकणाऱ्या कंपनीनं १८९३ ला ती गाडी विकत घेतली, ४०० डॉलरला, आपल्या मुंबईच्या शाखेसाठी. अमेरिकेतून परदेशात विकलेली पहिली मोटार ती हीच असं मानतात. मुंबईसाठी! ओल्ड्समोबील नाव जन्माला यायच्या आधी, रिओ तर दूरच, या माणसानं विकलेली पहिली गाडी आपल्या मुंबईच्या नावानं निघाली होती. मुंबईत मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास असं आपण वाचतो, म्हणजे त्याच्या पाच वर्षं आधी.

पण ती पोचली का? कोणालाच पत्ता नाही. वाटेत बोट बुडाली असंही म्हणतात, पण पुरावा काही नाही, ना पोचल्याचा ना बुडाल्याचा.

गाडीत बसल्यावर बाबा विल्यमस्टन येईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, एवढं लोखंड बंदरात उतरलं असेल तर कोणाच्या तरी वहीत नोंद असणार, जकात घेतल्याशिवाय इंग्रज सोडत नव्हते. घरी आल्यापासून त्यांनी एका वहीत सगळं लिहून काढलंय, फ्रान्सिस टाइम्स, लंडन, मुंबई शाखा, १८९३ आणि पुढची दोन-तीन वर्षं. नोव्हेंबरमध्ये परत गेले की एशियाटिक लायब्ररीत जाऊन त्या वर्षांची वर्तमानपत्रं बघायची असं त्यांचं ठरलंय. तर वाचणाऱ्यांपैकी कोणी मुंबईत फोर्ट भागातल्या जुन्या औषधांच्या पेढ्यांवर, बंदराच्या जुन्या कागदांवर काम केलेलं असेल, किंवा कोणाच्या घरी पणजोबांच्या वेळच्या अशा गाडीची काही गोष्ट ऐकलेली असेल, तर खाली लिहा, मी बाबांना वाचून दाखवते.